कौलातून उतरलेला सूर्य

पानशेतच्या खोऱ्यावर खग्रास सूर्यग्रहणाची गडद सावली पडलेली पाहिलेला एकही माणूस आज हयात नाही. १८६८ ची सावली जमखंडी-विजापूरकडून गेली. १८९८ ची विजयदुर्गावरून घाट चढून कऱ्हाड, जेऊर करत विदर्भात उतरली. १९८० ची कारवार-अंकोल्यावरून रायचूरकडे सरकली, १९९५ ची उत्तर हिंदुस्थानातून गेली, २००९ ची सुरतेवरून. दर वेळी तोरणा, राजगड, सिंहगड आणि त्यांच्या मधले हे पाणी बाजूलाच राहिले. पृथ्वीवरच्या एखाद्या ठरावीक जागी खग्रास ग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा येते, असा हिशेब आहे. त्यामुळे आमचे खोरे काही दुर्दैवी नाही. बहुतेक गावांचे असेच असते.

मग पानशेत परिसरातल्या शिक्षकांनी आणि मुलांनी मिळून ग्रहणांवर पुस्तक का करावे? त्यांनी ठेवलेली नोंदवही पहिल्यांदा हातात आली तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. वही वाचून झाल्यावर मीच त्यांच्या मागे लागलो, की हे छापा. पुण्याच्या माणसाला पानशेत म्हटले की १२ जुलै १९६१ आठवतो, फुटलेले धरण आठवते. या पुस्तकातले पानशेत वेगळे आहे. लांबून गेलेल्या सावलीची कड आपल्या अंगणात कशी उतरली, हे पाहणाऱ्यांचे ते पानशेत आहे.

माझे पहिले ग्रहण मी घराच्या आत पाहिले. दिवस १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. खग्रासची पट्टी कारवारकडे होती, आमच्याकडे खंडग्रास, तरी बराचसा सूर्य झाकला जाणार होता. सकाळपासून वेध पाळलेले. पाण्याच्या हंड्यात आणि दुधाच्या पातेल्यात तुळशीपत्रे पडली होती. माझी चुलती गरोदर होती, तिला विळीला हात लावायची बंदी होती. दुपारी आजीने दार ओढून घेतले, खिडकीला घोंगडी लावली आणि मला बजावले, “भाईर पाऊल टाकू नगंस. गिराण लागलंय.” मग तिने परातीत पाणी घेऊन मुसळ उभे केले. ते उभे राहिले तशी घरातल्या सगळ्यांची खात्री पटली, की ग्रहण खरेच लागले आहे.

मी जमिनीकडे पाहत बसलो होतो. आमच्या घराला कौले होती आणि काही कौले सरकलेली होती. त्या फटींतून सारवलेल्या जमिनीवर उन्हाचे कवडसे पडायचे, ते रोजचेच. गोल, जरा लांबट, रुपयाएवढे. त्या दुपारी ते गोल राहिले नाहीत. आधी एका बाजूने कुरतडल्यासारखे झाले, मग अर्धे, आणि चारच्या आधी केव्हातरी जमिनीवर दहा-बारा चंद्रकोरी पडल्या होत्या. सगळ्या एकाच बाजूला तोंड केलेल्या. मी आजीला हाक मारली. तिने पाहिले, आणि ती त्या कोरींना पाय लागणार नाही अशी सरकून भिंतीला टेकून बसली. बराच वेळ काही बोलली नाही. दारे-खिडक्या लावून बाहेर ठेवलेले ग्रहण कौलातून घरात आले होते.

त्याच दिवशी मुंबईत वानखेडेवर भारत-इंग्लंड सुवर्णमहोत्सवी कसोटी चालू होती. आदल्या दिवशी सामना सुरू झाला आणि ग्रहणाचा दिवस विश्रांतीचा म्हणून सोडला गेला. बोथमच्या शतकासाठी आणि तेरा बळींसाठी तो सामना लोकांना आठवतो, मला त्या रिकाम्या दिवसासाठी. आपल्या पिढीने पाहिलेले ग्रहण हे असे होते, सगळा मुलूख घरात बसलेला.

त्या कवडशांचे कारण मला पुढे शाळेत कळले. भोक चौकोनी असो, वाकडे असो, ते लहान असेल आणि जमीन त्यापासून पुरेशी दूर असेल, तर जमिनीवर उमटतो तो सूर्याचा आकार, भोकाचा नाही. सूर्य त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट अंतरावर आहे. म्हणून कौल दहा फुटांवर असेल तर कवडसा साधारण इंचभर होतो. ऊन तिरपे असले की तो लांबट होतो. म्हणजे कौलारू घरात राहणाऱ्या प्रत्येकाने सूर्याची प्रतिमा रोज पाहिलेली असते, फक्त ती सूर्याची आहे हे कळायला ग्रहण लागते. या पुस्तकातल्या मुलांनी २६ डिसेंबर २०१९ ला हेच झाऱ्याने केले. बुंदी पाडायचा झारा उन्हात धरला आणि शाळेच्या ओट्यावर शंभरएक कोरी पडल्या. पिठाच्या चाळणीने त्याहून बारीक. ढग अधूनमधून येत होते, ढग आला की सगळ्या कोरी एकदम विझत आणि परत एकदम उमटत. आंब्याखालच्या सावलीतही त्या होत्या, पण त्या कोणी आधी पाहिल्या नव्हत्या. वहीत एका मुलीने त्या आंब्याखालचे चित्र काढले आहे. ते या पुस्तकात छापले आहे, ते सावकाश पाहावे.

आता १८९८ कडे येतो, कारण या पुस्तकाचा खरा जन्म माझ्या लेखी तिथे आहे. २२ जानेवारी १८९८ ला दुपारी महाराष्ट्रातून खग्रासची पट्टी गेली आणि जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी आपल्या मुलखात तळ ठोकले. इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर उतरले. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे के. डी. नायगमवाला यंत्रे घेऊन सोलापूरच्या रेल्वेमार्गावरच्या जेऊरला गेले. त्या वेधशाळेतली वीस इंची दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी होती. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही जेऊरलाच होते. केंब्रिजचे न्यूऑल पुलगावला. वऱ्हाडात तळणीला मॉन्डर पतिपत्नी होती, आणि तिथे ॲनी मॉन्डर यांनी लहानशा कॅमेऱ्याने करोनाचा, म्हणजे सूर्याभोवतीच्या तेजाचा, एक किरण टिपला, सूर्याच्या व्यासाच्या कित्येक पट लांब गेलेला. तोवर एवढा लांब किरण छायाचित्रात कोणाला सापडला नव्हता. पुण्यात तेव्हा प्लेग होता, रँडचा वध होऊन सात महिने झाले होते, आणि ज्योतिषाचा गाढा अभ्यास असलेले लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते. अशा दिवसांत ही दोन मिनिटांची सावली या भूमीवरून गेली.

इथे एक दुरुस्ती करायलाच हवी, कारण मराठीत ती चूक वारंवार छापली जाते. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असे सांगितले जाते. तसे नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रान्सचे जानसेन आंध्रात गुंटूरला होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट त्यांनी पाहिला, आणि या रेषा ग्रहण नसतानाही पाहता येतील हे त्यांच्या ध्यानात आले. लॉकियर त्या वर्षी हिंदुस्थानात नव्हतेच. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला इंग्लंडमध्ये, भर उन्हात, ग्रहणाशिवाय त्या ज्वाळांचा वर्णपट मिळवला. त्यातली पिवळी रेषा कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याची नव्हती, तीच पुढे हेलियमची ठरली. पृथ्वीवर हेलियम १८९५ मध्ये रॅम्से यांना सापडला. लॉकियर विजयदुर्गावर आले ते त्यानंतर तीन वर्षांनी. किल्ल्यावर जाऊन अभिमान जरूर बाळगावा, पण तो खऱ्या वर्षाचा बाळगावा. आणि मला तर या गोष्टीतले वेगळेच भावते. हेलियमच्या कथेचा अर्धा भाग सावलीत उभ्या असलेल्या माणसाचा आहे, अर्धा सावलीपासून हजारो मैल लांब बसलेल्या माणसाचा.

१८९८ च्या त्या मध्यरेषेपासून पानशेतचे खोरे जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर होते. इथे सूर्याची अगदी बारीक कोर उरली असणार. भर दुपारी ऊन मलूल पडले असणार, सावल्यांच्या कडा धारदार झाल्या असणार, गुरे बावरली असणार. इथल्या माणसांनी ते पाहिले नसेल असे होऊच शकत नाही. पण या खोऱ्यातून त्याची एक ओळही माझ्या हाती आलेली नाही. जेऊरच्या तंबूंच्या जागा, यंत्रांची नावे, सेकंदांचे आकडे छापील अहवालांत मिळतात. इथल्या एका शेतकऱ्याने, एका गुराख्याने काय पाहिले ते मिळत नाही. हे पुस्तक व्हावे असे मला वाटले ते या एका रिकाम्या जागेमुळे.

ग्रहण या मुलखाला नवे नाही. राजगड राजधानी असताना, जानेवारी १६६५ मधल्या सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजी महाराजांनी महाबळेश्वरी जिजाऊंची आणि वृद्ध सोनोपंत डबीरांची सुवर्णतुला केली. ग्रहण म्हणजे स्नान, जप, दान. मोक्षाच्या वेळी गावात “दे दान, सुटे गिराण” अशी आरोळी येई. ती आरोळी देणारी माणसे गावकुसाबाहेरची असत आणि सूर्य सुटला तरी त्यांचे काही सुटत नसे, हेही लिहून ठेवले पाहिजे. पंचांगकर्त्यांनी मात्र ग्रहणाकडे गणित म्हणून पाहिले. स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष हे आपले शब्द इतके नेमके आहेत, की मी मुलांना नवे शब्द शिकवायच्या भानगडीत पडलो नाही. केरूनाना छत्रे, शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर यांच्या परंपरेतली ही भाषा आहे. ज्या पंचांगात वेधाचे नियम छापले जातात त्याच पानावर राहू-केतूची गरज नसलेले गणितही छापलेले असते. माझ्या आजीला मी कधीच दोष दिला नाही. तिचे मुसळ मात्र मी मोठेपणी एका साध्या मंगळवारी परातीत उभे केले. तळाशी जड लोखंडी कडे असलेले मुसळ नीट तोलले की कोणत्याही दिवशी उभे राहते. फरक एवढाच, की इतर दिवशी कोणी ते तोलून पाहत नाही.

खग्रास आणि खंडग्रास यांतले अंतर टक्क्यांत मोजू नका, हे मी या पुस्तकाच्या वाचकाला आग्रहाने सांगेन. नव्याण्णव टक्के सूर्य झाकला म्हणजे जवळजवळ सगळेच पाहिले, असे वाटते. सूर्याच्या भोवतीचे ते मोतिया तेज, करोना, साधारण पौर्णिमेच्या चंद्राइतकाच उजेड देते, आणि सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट प्रखर. एक टक्का सूर्य उरला तरी तो करोनाच्या काही हजार पट भारी पडतो. करोना त्यात बुडून जातो. तारे दिसत नाहीत, क्षितिजाला चारी बाजूंनी संध्याकाळ होत नाही, हिऱ्याची अंगठी दिसत नाही. चंद्र सूर्याच्या चारशेव्या हिश्शाएवढा आणि चारशेव्या हिश्शाएवढ्याच अंतरावर, म्हणून हा मेळ बसतो, तोही अरुंद पट्टीत, काही मिनिटे. पट्टीच्या बाहेर जे दिसते ते त्या दृश्याची लहान प्रत नव्हे. ते वेगळेच दृश्य आहे, आणि त्याची स्वतःची शोभा आहे. या पुस्तकाने ती शोभा दाखवली आहे, पण आपण खग्रास पाहिले असा आव कुठे आणलेला नाही. हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो.

मी स्वतः एकदा पट्टीत उभा राहिलो. २२ जुलै २००९, सुरत. पुण्याहून आम्ही बरेच जण गेलो होतो. पहाटेपासून आभाळ भरलेले. सव्वासहाच्या पुढे पश्चिमेकडून काळोख चालून आला, पाऊस येतो तसा, पण आवाज न करता. तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ आम्ही एकमेकांचे चेहरेही नीट न दिसणाऱ्या अंधारात उभे होतो. कावळे एकदम गप्प झाले. वर ढगांआड काय चालले आहे हे सगळ्यांना ठाऊक होते आणि दिसत कोणालाच नव्हते. मी खग्रास सावलीत उभा राहिलो आहे, पण करोना आजवर माझ्या डोळ्यांनी पाहिलेला नाही.

परत आल्यावर त्याच सकाळची पानशेतची नोंद वाचली. भात लावणीचे दिवस, इथेही पावसाळी आभाळ. एका शिक्षकांनी खिशातल्या वहीवर पेन्सिलीने लिहिले होते: ६.०५, बांधावरची वाट दिसते. ६.१५, वाट परत पुसट. ६.२२, सगळ्यात मंद, बेडूक पुन्हा सुरू. ६.४०, उजाडले, बायका इरली घेऊन खाचरात उतरल्या. बस, इतकेच. सूर्य त्यांनाही दिसला नाही, मलाही नाही. पण सुरतेच्या माझ्या आठवणीत आकडा एकही नाही आणि त्यांच्या चार ओळींत सावलीची चाल स्पष्ट उमटली आहे. जवळून पाहिलेल्यापेक्षा लांबून टिपलेले अधिक खरे असू शकते, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्या ग्रहणाची कुळकथाही सांगतो. २२३ चांद्रमासांनी, म्हणजे १८ वर्षे, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी सूर्य, चंद्र आणि त्यांच्या कक्षांचे छेदनबिंदू जवळजवळ पहिल्या स्थितीत येतात आणि तसेच ग्रहण पुन्हा लागते. याला सारोस चक्र म्हणतात. त्या वरच्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून ग्रहण येते तेव्हा दुसऱ्याच देशावर येते. सुरतेच्या ग्रहणाच्या घराण्यात मागे गेलो तर १९९१, १९७३, १९५५, १९३७ आणि २९ मे १९१९. हे शेवटचे ग्रहण एडिंग्टन यांनी आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून पाहिले, आणि सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो हे आइनस्टाइन यांचे म्हणणे त्यातून पडताळले गेले. पुढे गेलो तर २ ऑगस्ट २०२७. इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास अवस्था सहा मिनिटांहून अधिक काळ चालेल. आपल्याकडे दुपार कलल्यावर खंडग्रास, सूर्याचा थोडा भाग झाकलेला. म्हणजे सुरतेला ढगांआड गेलेले ग्रहण १८ वर्षांनी परत येत आहे, आणि आपण पुन्हा त्याच्या काठावर आहोत.

काठावर असण्याची तऱ्हा आता बदलली आहे. ८ एप्रिल २०२४ ला अमेरिकेत खग्रास ग्रहण होते. माझी भाची डॅलसला राहते. तिथे दुपारचे पावणेदोन वाजत आले होते, इथे मध्यरात्र उलटून गेली होती. तिथे अजून सोमवती अमावास्या होती आणि आमच्याकडे गुढीपाडव्याची तारीख लागली होती. तिने फोन लावून ठेवला होता. पडद्यावर काळा चौकोन आणि मध्ये एक पांढरा ठिपका, बाकी काही नाही. पण आवाज येत होते. आधी गलका, मग माणसे एकदम शांत, मग कोणीतरी हुंदका दिला, आणि भाची मराठीत म्हणाली, “मामा, त्याच्याभोवती केस सुटल्यासारखं काहीतरी आहे, मला सांगता येत नाही.” जवळजवळ चार मिनिटे मी पानशेतच्या अंधारात बसून दुसऱ्याच्या डोळ्यांनी करोना पाहिला. तिचे ते वाक्य मी संपादकांना दिले आणि त्यांनी ते नोंदींत घेतले, याचा मला आनंद आहे.

डोळ्यांविषयी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, तरी इथेही लिहितो. खंडग्रास सूर्याकडे थेट पाहू नये. काळी काच, एक्स-रेची फिल्म, शेणाच्या किंवा हळदीच्या पाण्यातले प्रतिबिंब, यांतले काहीही सुरक्षित नाही. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, म्हणून इजा होत असताना काहीच जाणवत नाही. प्रमाणित ग्रहणचष्मा वापरावा, त्यावर ओरखडा नसावा. तो नसेल तर सूर्याकडे पाठ करावी आणि झारा, चाळण, पुठ्ठ्याचे भोक यांतून पडलेली प्रतिमा पाहावी. लहान मुलांना घरात कोंडू नये. त्यांना हातात झारा द्यावा.

आपल्या देशात यापुढचे खग्रास २० मार्च २०३४ ला, पार उत्तरेला लडाखच्या बाजूला. ज्यांना जमेल त्यांनी जावे, ज्यांना लक्सर जमेल त्यांनी लक्सरला जावे, आणि जाताना हे पुस्तक सोबत न्यावे. पण बहुतेक जण इथेच असतील, मीही असेन. २ ऑगस्ट २०२७ ला सोमवार आहे. आषाढ अमावास्या, दिव्यांची अवस. घरोघरी समया आणि निरांजने घासून पाटावर मांडलेली असतील. आभाळ बहुधा भरलेले असेल, लावणीची धांदल असेल. तरीही प्रत्येक घरातल्या एकाने वही-पेन्सिल घेऊन अंगणात यावे, दुपारी साडेतीनपासून सूर्य डोंगराआड जाईपर्यंत दर पाच मिनिटांनी उजेड कसा आहे, हवा कशी आहे, पाखरे काय करतात ते लिहावे. काहीच बदल दिसला नाही तर तेही लिहावे, आणि वहीच्या पहिल्या पानावर आपल्या गावाचे नाव घालावे.